मागील विक्रीचा पुरावा व मूल्यनिर्धारण : खानदेशातील शेतजमीन आणि इंटरनेटवरील नाव

प्रस्तावना :
इंटरनेटवरील नावाची, म्हणजेच डोमेन नावाची, किंमत कशी ठरवावी हा प्रश्न १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्यापारी जगतासमोर उभा राहिला. नावाला म्हणावा असा उत्पादनखर्च नसतो आणि नोंदणीचे वार्षिक शुल्क अल्प असते. त्यामुळे तत्सम नाव पूर्वी कितीला विकले गेले, हाच मुख्य आधार उरतो. नेमबायो, डीएन जर्नल यांसारख्या ठिकाणी प्रसिद्ध होणाऱ्या विक्रीनोंदींचा दाखला दोन्ही पक्ष देतात. ही रीत नवी भासली तरी खानदेशातील शेतजमिनीच्या मूल्याचा विचार शतकाहून अधिक काळ याच रीतीने होत आला आहे. विक्रीची रक्कम दप्तरात राहते, विक्रीची परिस्थिती मात्र राहत नाही, ही अडचण प्रस्तुत लेखात खानदेशाच्या इतिहासाच्या आधारे तपासली आहे.

तेजीतील भाव :
अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) मुंबई इलाख्यातील कापसाला अभूतपूर्व भाव आला. कापसाच्या खानदेशातून याच दशकात लोहमार्ग गेला. युद्ध संपताच भाव कोसळले. त्या चार-पाच वर्षांतील खरेदीखत पुढच्या मंदीत मूल्याचा पुरावा म्हणून दाखविले, तर ते खरे असूनही दिशाभूल करणारे ठरते. 'बिझनेस डॉट कॉम' हे नाव १९९९ मध्ये ७५ लाख डॉलरना विकले गेले आणि २००० मध्ये इंटरनेट कंपन्यांचा बाजार गडगडला. हीच कंपनी २००७ मध्ये सुमारे ३४.५ कोटी डॉलरना विकली गेली, परंतु त्या वेळी नावाबरोबर चालता व्यवसायही होता. त्या आकड्यावरून नुसत्या नावाची किंमत काढणे म्हणजे विहीर-बागायतीसह घेतलेल्या शेताचा दर कोरडवाहूला लावणे होय. २०१९ मध्ये 'व्हॉइस डॉट कॉम' हे नाव मात्र व्यवसायाविना ३ कोटी डॉलरना गेले. ज्याला तेच नाव हवे होते, असा खरेदीदार तेथे होता. बांधाला बांध लागून असलेला शेतकरी शेजारचा तुकडा चढ्या भावाने घेतो, हे खानदेशात कोणालाही सांगावे लागत नाही.

दप्तरातील आकडे :
मुंबई जमीन महसूल अधिनियम, १८७९ च्या कलम १०७ नुसार सारा सुधारताना जमिनीचे मूल्य व शेतीचा नफा विचारात घ्यावयाचा होता. त्यामुळे फेरजमाबंदीच्या अहवालांना विक्री, गहाण व खंड यांची कोष्टके जोडली जात. या आकड्यांची कसोटी सुरत जिल्ह्यात, बारडोलीत लागली. तेथील सारावाढीसाठी खंडाच्या नोंदींवर मोठी भिस्त ठेवण्यात आली होती. १९२८ च्या सत्याग्रहानंतर ब्रूमफील्ड व मॅक्सवेल यांनी गावोगाव फिरून चौकशी केली, तेव्हा त्या नोंदी पुरेशा पडताळलेल्या नसल्याचे उघड झाले. सरकारने ठरविलेली सुमारे २२ टक्के वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. आकडे दप्तरातच होते. ते कोणत्या कुळाने, कोणत्या दबावाखाली मान्य केले, हे कोणी विचारले नव्हते.

शहादा-तळोदा परिसरात (१९९८ पर्यंत धुळे जिल्हा, त्यानंतर नंदुरबार) हा प्रश्न अधिक तीव्र आहे. कर्जापोटी भिल्ल कुटुंबांच्या हातून गेलेल्या जमिनी हा १९७० च्या दशकारंभी अंबरसिंग महाराज यांच्या नेतृत्वाखालील चळवळीचा मुख्य विषय होता. १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत करण्याविषयीचा कायदा राज्यात झाला. अशा हस्तांतरणाच्या कागदावरील रकमेला इच्छुक विक्रेत्याने स्वीकारलेली किंमत म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

न्यायालयीन विचार :
भूसंपादनाच्या दाव्यांत ही सावधगिरी हळूहळू रुजली. पुण्यातील जमिनीसंबंधीच्या चिमणलाल हरगोविंददास खटल्यात (१९८८) सर्वोच्च न्यायालयाने विक्रीचे उदाहरण खरे, काळाने व स्थानाने जवळचे असावे असे सांगितले आणि लहान भूखंडाचा दर मोठ्या क्षेत्राला जसाच्या तसा लावण्यास नकार दिला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मागील तीन वर्षांतील खरेदीखतांपैकी चढ्या दराची निम्मी खते घेऊन सरासरी काढण्याचा नियम केला. मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी खतात रक्कम कमी दाखविण्याची सवय सर्वज्ञात आहे. त्या सवयीची किंमत धरणात वा महामार्गात जमीन जाणाऱ्या तिसऱ्याच शेतकऱ्याला मोजावी लागत होती. प्रचलित मूल्याचे निदर्शक नसलेले व्यवहार वगळण्याचा अधिकार याच कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना दिला असला, तरी कोणता व्यवहार वगळावयाचा हे गावाची माहिती असल्याशिवाय कळत नाही.

डोमेन नावांच्या बाजाराला दुय्यम निबंधक नाही. अनेक विक्री गोपनीयतेच्या कराराने झाकल्या जातात. प्रसिद्ध होतात त्या बहुधा मोठ्या, आणि न विकल्या गेलेल्या असंख्य नावांची नोंद किंमतीच्या यादीत येतच नाही. २०१४ पासून 'डॉट भारत' अंतर्गत देवनागरी नावांची नोंदणी सुरू झाली. त्यांच्या विक्रीची उदाहरणे विरळ असल्याने इंग्रजी 'डॉट कॉम' नावांचे भाव पुढे केले, तर ते धडगावच्या डोंगरउतारावरील शेताला रावेरच्या केळीबागेचा दर लावण्यासारखे होईल.