सोनाराचे कान

कोलकात्यात एस्प्लनेडला बसच्या भोंग्यांत आणि फेरीवाल्यांच्या आरोळ्यांत कुणी मागून हाक मारली, तर मान बरोबर त्याच बाजूला वळते. दोन कान असल्याची ही करामत. पाणबुड्या हुडकण्याची कुळकथा इथूनच सुरू होते.

पहिल्या महायुद्धात गस्तीच्या बोटी हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला आवाज ऐकणारे कान, खाली सोडून कानोसा घेत. पण आपल्याच इंजिनाच्या धडधडाटात काही ऐकू येईना, म्हणून बोट थांबवायची. थांबलेली बोट म्हणजे शत्रूला आयतं सावज! अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स मेसन यांनी मग दोनाऐवजी कानांची रांगच लावली. प्रत्येक कानाकडून येणाऱ्या आवाजाची वाट अशी कमीजास्त करायची, की हव्या त्या दिशेचा आवाज सगळीकडून एकाच क्षणी पोचावा. शंभर कान असे जुळले तर हाक शंभरपट होते. विस्कळीत गोंगाट आपसात भांडून जेमतेम दहापट. गोंगाट पुसायचा नाही, त्याला एकजूट होऊ द्यायची नाही. पाण्यातल्या आवाजावरून पाणबुड्या हुडकणाऱ्या आजच्या संगणकी सोनारचाही पाया हाच. त्याच काळातले भौतिकशास्त्रज्ञ हार्वे हेज यांनी तर कान दोरीने बोटीमागे लांब ओढत नेले, घरचा आवाज घरीच राहावा म्हणून.

‘सोनार’ हा शब्द १९४२ मधला, हार्वर्डच्या एफ. व्ही. हंट यांनी ‘रडार’च्या धर्तीवर घडवलेला. कान टोचणाऱ्या आपल्या सोनाराशी त्याचं नातं नाही, पण नाव शोभतं खरं.

दुसऱ्या महायुद्धात एक विचित्र गोंगाट सापडला. उबदार, उथळ पाण्यात कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज रात्रंदिवस चाले. करणारी होती बोटाएवढी कोळंबी! ती नांगी झटकन मिटते, त्यातून निघालेला बुडबुडा फुटतो, आणि अशा लाखो नांग्यांपुढे पाणबुडीची चाहूल बुडून जाते.

आपल्या किनाऱ्याचं पाणीही असंच उबदार, म्हणून आपला समुद्र आपणच ऐकायला हवा. एस्प्लनेडहून हुगळीच्या काठाने खाली गेलं की गार्डन रीचची गोदी लागते. कोचीच्या नौदल प्रयोगशाळेसाठी समुद्राचे आवाज टिपणारी ‘सागरध्वनी’ नौका इथेच बांधली. १९९४ मध्ये ती नौदलात आली. उथळ पाण्यात पाणबुड्या हुडकणाऱ्या नव्या नौकांचं कामही याच गोदीकडे आलं. त्यांतली पहिली १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला दाखल झाली. तिचं नाव ‘अर्नाळा’. वसईजवळच्या बेटावर १७३७ साली मराठ्यांनी बांधलेल्या किल्ल्याचं.