हवाना सिगार: चवीमागचे हात आणि कान

१/
नोव्हेंबर १८९५. ब्रिटिश सैन्यातील एक तरुण सेकंड लेफ्टनंट क्युबात दाखल झाला. बेटावर स्पेनच्या सत्तेविरुद्ध बंड पेटले होते आणि त्याला युद्ध जवळून पाहायचे होते. तो स्पॅनिश फौजेसोबत हिंडला आणि एकविसाव्या वाढदिवसाच्या सुमारास आयुष्यात प्रथमच त्याच्या दिशेने गोळ्या आल्या. हवानाच्या सिगारची आवडही त्याला याच दौऱ्यात लागली, असे मानले जाते. त्याचे नाव विन्स्टन चर्चिल.

२/
सात इंच लांबीच्या एका जाड सिगारला आज जगभर ‘चर्चिल’ म्हणतात. ज्या बंडखोरांच्या विरुद्ध बाजूने तो हिंडत होता, त्यांच्या शस्त्रांसाठी मात्र फ्लोरिडातील सिगार वळणारे कामगार आपल्या मजुरीतून पैसा पाठवत होते. हा धागा त्या कामगारांविषयी आहे. पण त्यांच्यापर्यंत पोहोचायचे, तर आधी सिगारची चव म्हणजे नेमके काय, हे पाहावे लागते.

३/
सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत. तो तोंडात घोळवून सोडतात. तो अल्कधर्मी असल्यामुळे त्यातील निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरते. जिभेला, टाळूला आणि नाकाला जे जाणवते, तेच दर्दी माणसाचे सुख. हे सुख निरुपद्रवी मुळीच नव्हे. अमेरिकेचा सेनापती आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला युलिसिस ग्रँट सतत सिगार ओढत असे. १८८५ मध्ये तो घशाच्या कर्करोगाने मरण पावला.

४/
जाणकार माणूस सिगार पेटवण्याआधी ती दोन बोटांत हलकेच दाबत शेवटपर्यंत जातो. कुठे पोकळ लागते का, कुठे गाठ आहे का, हे तो पाहतो. टोक कापल्यावर न पेटवताच एक झुरका घेऊन हवा सहज येते की अडते, याचा अंदाज घेतो. पेटवल्यानंतर जळण्याची कड सर्व बाजूंनी सारखी सरकते का आणि राख घट्ट राहते की भुरभुरते, याकडे त्याचे लक्ष असते. मग चव: सीडरचे लाकूड, कोको, चामडे, भाजलेली कॉफी, मिरी, ओली माती. पहिल्या तृतीयांशात ती सौम्य असते आणि शेवटाकडे जड होत जाते. राख बोटभर लांब टिकली, तर आत तंबाखूचा चुरा नसून अखंड, लांब पाने आहेत असे समजावे.

५/
या सगळ्या कसोट्यांचे मूळ शेतात आणि कारखान्यात आहे. सिगारचे तीन भाग असतात: आतील भरण, ते आवळून धरणारे बांधणीचे पान आणि सर्वांत वरचे तलम वेष्टन. भरणात एकाच झाडाची, पण निरनिराळ्या उंचीवरची पाने एकत्र येतात. तळाचे ‘वोलादो’ सहज जळते, मधले ‘सेको’ सुगंध देते, आणि शेंड्याजवळचे, ऊन खाऊन जाड झालेले ‘लिहेरो’ ताकद देते, पण जळते सावकाश. म्हणून लिहेरो नेहमी मधोमध ठेवतात. ते जरा कडेला सरकले, की सिगार एका बाजूने वेडीवाकडी जळू लागते.

६/
क्युबाच्या पश्चिम टोकाला, पिनार देल रिओ प्रांतात, व्वेल्ता अबाहो हा भाग आहे. त्याच्या तांबूस मातीला तंबाखूच्या दुनियेत जवळजवळ तीर्थक्षेत्राचा मान मिळाला. पण माती एकटी काही करत नाही. पाने एकेक करून हाताने खुडतात, काठ्यांवर ओवून कोठारात वाळवतात, मग त्यांच्या थप्प्या रचून ती आंबवतात. थप्पी आतून तापते आणि अमोनिया बाहेर पडतो. ही पायरी घाईने उरकलेली सिगार पहिल्या झुरक्यालाच घशात ओरखडा काढते. आंबवल्यानंतरही पान मुरत पडते. लिहेरो तर सहसा दोन वर्षे किंवा त्याहून अधिक.

७/
युरोपाला या धुराची ओळख १४९२ मध्ये झाली. कोलंबसने क्युबाच्या अंतर्भागात पाठवलेल्या रोद्रिगो दे हेरेस आणि लुईस दे तोर्रेस यांनी तेथील ताइनो लोकांना पानांच्या पेटत्या गुंडाळ्या ओढताना पाहिले. दोनशे वर्षांत त्या पानाचा एवढा पैसा झाला, की १७१७ मध्ये स्पेनने क्युबातील तंबाखूच्या खरेदीवर राजाची मक्तेदारी लादली. शेतकऱ्यांनी १७१७, १७२० आणि १७२३ असे तीन वेळा बंड केले. तिसऱ्या वेळी पकडलेल्यांना ठार करून त्यांचे मृतदेह हवानाजवळच्या हेसूस देल मोंते येथे टांगण्यात आले.

८/
मक्तेदारी सुटली ती १८१७ मध्ये. त्यानंतर हवानात कारखाने भराभर उभे राहिले. एच. उपमन (१८४४) आणि पार्तागास (१८४५) ही आजही दर्दी लोकांच्या ओठांवर असणारी नावे त्याच काळातली. तोवर कच्चा माल स्पेनला जाई आणि सिगार सेव्हिलच्या शाही कारखान्यात वळल्या जात. आता ‘हवानात वळलेली’ हाच दर्जाचा शिक्का ठरला. नकली मालाचा सुळसुळाट झाल्यावर १८८९ मध्ये पेट्यांवर सरकारी हमीची मोहर सुरू झाली.

९/
(जाता जाता: मराठीतला ‘चिरूट’ मात्र हवानाहून आलेला नाही. तो तमिळ ‘सुरुट्टु’ या शब्दापासून आला, अर्थ, गुंडाळी. इंग्रजांनी तोच उचलला. त्रिचनापल्लीच्या चिरुटाची राख शेरलॉक होम्सलाही ओळखता येत असे.)

१०/
सिगार वळणाऱ्याला स्पॅनिशमध्ये ‘तोर्सेदोर’ म्हणतात. त्याची हत्यारे मोजून तीन-चार: लाकडी पाट, ‘चावेता’ नावाचे अर्धचंद्राकृती पाते, वनस्पतिजन्य डिंकाची वाटी आणि टोक छाटण्याचे कापणी-यंत्र. भरणाची पाने तो तळहातात घड्या घालत जुळवतो, म्हणजे धुराला वाट राहते. ती फार आवळली तर झुरका येत नाही. सैल राहिली तर सिगार तापते आणि चव कडवट होते. किती दाब द्यायचा, हे सांगणारे मापयंत्र त्या काळी नव्हते. ते ज्ञान बोटांतच असे. साधारण आकाराच्या शंभरेक सिगार दिवसाला वळायच्या, आणि पहिली व शंभरावी सारखी जळली पाहिजे.

११/
वळून झालेला माल चाखणारे लोक कारखान्यातच असतात. त्याहून कौतुक वाटावे असे काम रंग लावणाऱ्यांचे. वेष्टनाच्या तपकिरी रंगाच्या डझनावारी छटा ते नजरेने वेगळ्या करतात आणि पेटीतल्या सिगारी डावीकडून उजवीकडे, गडद ते फिकट अशा क्रमाने लावतात. पेटी उघडणाऱ्याला हा क्रम बहुधा जाणवतही नाही.

१२/
आता मुख्य गोष्ट. या कामाला बोटे आणि डोळे लागतात. कान मोकळे राहतात. यंत्राचा खडखडाट नाही, शेकडो माणसे रांगांनी बसलेली, दहा-बारा तास तेच ते काम. हवानाच्या कामगारांनी त्या मोकळ्या कानांचा उपयोग शोधून काढला.

१३/
ऑक्टोबर १८६५ मध्ये सातुर्निनो मार्तीनेस या स्पेनहून आलेल्या तोर्सेदोरने ‘ला औरोरा’ हे कामगारांचे साप्ताहिक सुरू केले. अडचण अशी, की ज्यांच्यासाठी ते निघाले त्यांतील बहुसंख्यांना वाचता येत नव्हते. २१ डिसेंबर १८६५ रोजी ‘एल फिगारो’ या कारखान्यात त्यावर तोड निघाली. एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी वळता वळता ऐकायचे. वाचणाऱ्याची बुडालेली मजुरी सर्वांनी मिळून भरायची. काही दिवसांतच पार्तागासच्या कारखान्यातही वाचन सुरू झाले. श्रावणात पोथी लागावी तसे पुस्तक लागू लागले. फरक एवढाच, की येथे पोथी कोणती हे ऐकणारेच ठरवत.

१४/
हा काळ विसरून चालणार नाही. क्युबात गुलामगिरी १८८६ मध्ये संपली. १८६५ च्या सिगार उद्योगात मुक्त कामगारांच्या बरोबरीने गुलाम आणि करारबद्ध चिनी मजूरही राबत होते. अशा बेटावर कारागिरांचा एक वर्ग कामाच्या तासांत वर्तमानपत्र ऐकतो, ही गोष्ट सत्तेला भोवणारी होती. मे १८६६ मध्ये फर्मान निघाले: पुस्तके वा वर्तमानपत्रे वाचून आणि कामाबाहेरच्या चर्चा करून कामगारांचे लक्ष विचलित करण्यास मनाई. पहिल्या वाचनाला जेमतेम पाच महिने झाले होते. कोणती पुस्तके वाचावीत यावर नव्हे, वाचण्यावरच बंदी आली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

१५/
१८६८ मध्ये क्युबाचे पहिले स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले आणि हजारो लोक समुद्रापलीकडे फ्लोरिडात गेले. कारखानदार व्हिसेन्ते मार्तीनेस ईबोर प्रथम की वेस्टला आणि १८८५ नंतर टँपाला स्थिरावला. त्याच्या नावाने वसलेली ईबोर सिटी सिगारची राजधानीच झाली. पान क्युबाचे, हात क्युबाचे, फक्त जमीन अमेरिकेची. तेथे वाचकाला उंच मंच मिळाला. सकाळी वर्तमानपत्रे, दुपारनंतर कादंबरी. ह्यूगो, झोला, सर्व्हांतेस, द्यूमा. नवा वाचक नेमताना आवाजाची परीक्षा होई आणि कामगार मतदान करत. पगार मालक नव्हे, कामगार देत. म्हणून काय वाचायचे हे मालकाला सांगता येत नसे.

१६/
नोव्हेंबर १८९१ मध्ये कवी आणि क्रांतिकारक होसे मार्ती टँपात आला आणि त्याने या कामगारांपुढे भाषणे केली. त्याच्या शब्दांना तेथे जो प्रतिसाद मिळाला, त्यामागे वर्षानुवर्षांच्या श्रवणाची तयारी होती. पुढच्या वर्षी क्युबन क्रांतिकारी पक्ष स्थापन झाला आणि अनेक कामगार मजुरीचा ठरावीक हिस्सा चळवळीला देऊ लागले. १८९५ च्या उठावाचा आदेश टँपात एका सिगारमध्ये गुंडाळून क्युबाला पाठवला गेला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तिच्यावर सहज विश्वास बसावा अशीच तेव्हाची परिस्थिती होती.

१७/
वाचक पुरुषच असत असे नाही. पोर्तो रिकोची स्त्रीवादी लेखिका लुईसा कापेतिल्यो हिने सिगार कारखान्यांत वाचक म्हणून काम केले. हवानात पुरुषी विजार घालून फिरल्याबद्दल १९१५ मध्ये तिला अटकही झाली. इकडे न्यूयॉर्कच्या सिगार कामगारांतही आळीपाळीने वाचण्याची पद्धत होती. वाचणाऱ्याचे नुकसान होऊ नये म्हणून इतर जण आपापल्या सिगारी त्याच्या वाट्याला घालत. त्यांतलाच एक, सॅम्युएल गाँपर्स, पुढे अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या महासंघाचा पहिला अध्यक्ष झाला.

१८/
भारतातही याचे भावंड आहे. केरळात कण्णूरकडे विडी वळणाऱ्या कामगारांनी हीच पद्धत चालवली. एक जण वर्तमानपत्र वाचे आणि त्याच्या वाटच्या विड्या सोबती वळून देत. हवानाची बातमी तेथे पोहोचली म्हणून हे झाले असे समजण्याचे कारण नाही. हात गुंतलेले आणि कान रिकामे असले, की माणसांना तोच उपाय सुचत असावा.

१९/
नोव्हेंबर १९३१ मध्ये टँपाच्या कारखानदारांनी वाचकांना काढून टाकले. वाचक साम्यवादी विचार पसरवतात, असा त्यांचा आरोप होता. मंच मोडले गेले, कामगारांनी संप केला, पण मंदीच्या दिवसांत तो टिकला नाही. पुढे त्या जागी रेडिओ आला. शिवाय यंत्राने वळलेल्या स्वस्त सिगारी आणि सिगारेट यांनी बाजार बदललाच होता. वाचनामुळे सिगारची चव सुधारते, असे म्हणणे अतिशयोक्त होईल. पण ज्या स्थिर, शांत, एकाग्र बैठकीतून झुरका सहज येणारी सिगार तयार होते, तीच बैठक त्या श्रोत्यांची होती. मालकांनाही इतकी वर्षे ती सोयीचीच वाटली होती.

२०/
क्युबात वाचक टिकला. ‘मोंतेक्रिस्तो’ (१९३५) हे प्रसिद्ध सिगारचे नाव द्यूमाच्या कादंबरीवरून आले. वळणाऱ्यांना ती फार आवडे म्हणून, असे सांगतात. क्रांतीनंतर १५ सप्टेंबर १९६० रोजी कारखाने सरकारजमा झाले आणि जुनी घराणी देश सोडून गेली. फेब्रुवारी १९६२ मध्ये केनेडीने क्युबावर व्यापारबंदी लादली. त्याचा प्रसिद्धिप्रमुख पिएर सॅलिंजर याने पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, आदल्या संध्याकाळी त्याला १,००० क्युबन सिगारी जमवायला सांगण्यात आले होते. सकाळी १,२०० मिळाल्याचे कळल्यावरच राष्ट्राध्यक्षाने कागदावर सही केली.

२१/
तेव्हापासून कित्येक जुनी नावे दोन ठिकाणी नांदतात. पार्तागास, मोंतेक्रिस्तो, रोमेओ इ हुलिएता क्युबातही वळल्या जातात आणि अमेरिकी बाजारासाठी डॉमिनिकन प्रजासत्ताकातही. क्युबातून गेलेल्या लोकांनी बियाणे आणि वळण्याची विद्या निकाराग्वा, होंडुरासपर्यंत नेली. आजचे कित्येक जाणकार निकाराग्वाच्या सिगारीला हवानाच्या तोडीची मानतात. ‘खरी चव फक्त क्युबाच्या मातीत’ हा जुना दावा त्यामुळे बराच सैल झाला आहे.

२२/
हवानाच्या कारखान्यांत वाचक आजही आहे. आता त्याच्यापुढे मायक्रोफोन असतो. २०१२ मध्ये क्युबाने या प्रथेला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. वाचन आवडले, तर टाळ्या वाजवायला हात मोकळे नसतात. शेकडो कामगार आपली चावेता लाकडी पाटावर आपटतात आणि दालनभर तो टकटकाट घुमतो. आवडले नाही, तर चावेता खाली फरशीवर टाकतात.