सुईणीचा हात

गळिताचा हंगाम सुरू झाला की सणसर परिसरातील उसाच्या फडांवर बीड, अहिल्यानगरकडील तोडणी टोळ्या उतरतात. कोपीत दिवस भरलेली स्त्रीही असते. तिला कळा सुटल्या की गाडी येईपर्यंत धावून जाते ती टोळीतलीच एखादी जाणती बाई. सुईणीचा इतिहास लिहावासा वाटतो तो यामुळेच.

महाराष्ट्रातील पुष्कळ गावांत सुईणपण मातंग स्त्रीकडे असे. बाळाला पहिला स्पर्श तिचा; पण बाळंतीण न्हाली-धुतली की त्याच हातांचा विटाळ मानला जाई! पवित्र शास्त्राने वेगळाच मान दिला. 'निर्गम'च्या पहिल्या अध्यायात फारोचे नाव नाही, शिप्रा व पुवा या सुइणींची नावे मात्र आहेत. १५६६च्या रोमन धर्मशिक्षणग्रंथानेही, बाळ दगावण्याची भीती असता सुईण स्नानसंस्कार देते, याची दखल घेतली.

तरी जुने ते सारे सोने, असे आम्ही म्हणणार नाही. विळ्याने कापलेल्या नाळेतून धनुर्वात होई. आडव्या मुलापुढे, अतिरक्तस्रावापुढे सुईण हतबल होई. हे ओळखूनही तिला न झिडकारणारी माणसे आपल्याच प्रांतात निघाली. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम आरंभिले. गावाने निवडलेल्या, बहुधा निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका केले. निर्जंतुक पाते, स्वच्छ हात आणि धोक्याची लक्षणे शिकविली. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत आरोग्यदूत नेमले, सुइणींनाही सोबत घेतले. तेथे नवजात बालमृत्यूंत ६२ टक्के घट झाल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले.

२००५च्या जननी सुरक्षा योजनेनंतर बाळंतपणे दवाखान्यांत गेली. ते योग्यच झाले. परंतु पाठ चोळणारी, 'घाबरू नको गं बाई' म्हणणारी सुईण दाराबाहेर राहिली आणि कळा देणारी एकटी पडली. पुढे २०१६ साली केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांत प्रसूतिसमयी एका अनुभवी स्त्रीला सोबत राहू देण्याचे ठरविले. २०१८ साली परिचारिकांना प्रसविकाशास्त्राचे विशेष शिक्षण देण्याचे धोरण आखले. म्हणजे सुईणीचे अर्धे काम सरकारी कागदावर परत आले!

दवाखान्यात सोबत मागता येते, हे आमच्या कुटुंबांतील सुनांना कोणी सांगितले आहे काय? धर्मग्रामांतील महिला मंडळांनी गावातल्या उरल्यासुरल्या सुईणआजींना एकदा बोलवावे, शेजारी आशाताईंना बसवावे, आणि फडावरच्या बायकांनाही निरोप धाडावा.