कुलूप, किल्ली आणि चेंडू

खेळांचा इतिहास सांगणारी माणसे बहुधा मैदानावरून निघतात आणि मैदानावरच येऊन थांबतात. मी आज ज्या खेळाची हकीकत सांगणार आहे, त्याला मैदानच नाही. प्लॅस्टिकची एक डबी, तिच्या पोटात नखाएवढ्या दोन-चार चिपा, आणि त्यांत दहा संघ, प्रेक्षागार, पंच असा सारा संसार! डबी यंत्रात खुपसावी आणि घरातल्या टी.व्ही.च्या काचेवर सामना सुरू करावा. जपानात हा खेळ जन्मला तेव्हा त्याचे नाव 'फॅमिली स्टेडियम' होते; अमेरिकेत गेल्यावर तो 'आर.बी.आय. बेसबॉल' झाला. गोष्ट तशी पोरखेळाचीच. पण तिच्या वाटेत एक असा प्रश्न येतो की, आम्हा मास्तरांना तो वर्गात रोज भेटतो. दुसऱ्याची वही पाहून शिकणे कुठे संपते, आणि चोरी कुठे सुरू होते?

प्रथम या खेळाचे कुळ पाहू. बेसबॉल अमेरिकेचा, पण जपानात तो नेला एका मास्तराने. होरेस विल्सन हे त्याचे नाव. १८७२ च्या सुमारास टोकियोत शिकवायला आलेल्या या गृहस्थाने मुलांच्या हाती चेंडू आणि दांडके दिले, आणि पाहता पाहता तो खेळ जपानी माणसाच्या रक्तात भिनला. हायकूला नवे रूप देणारा कवी मासाओका शिकी हा तर या खेळाचा वेडा. त्याचे बाळपणीचे नाव नोबोरु. 'नो' म्हणजे रान, 'बोरु' म्हणजे बॉल, अशी अक्षरांची गंमत जुळवून त्याने एक टोपणनावच घेतले होते. पुढे १८९४ साली चुमान कानाए यांनी बेसबॉलला 'याक्यू' हा शब्द काढला, त्याची चिन्हेही तीच, फक्त उच्चार निराळा. क्षयाने ३४ व्या वर्षी गेलेल्या त्या कवीला २००२ साली जपानच्या बेसबॉल कीर्तिमंदिरात स्थान मिळाले. कवीला खेळाडूंच्या पंगतीत पाट मांडणारा देश मला तरी दुसरा ठाऊक नाही.

अशा देशात निन्टेन्डो कंपनीने १९८३ च्या जुलैत 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचे घरगुती यंत्र विकायला काढले. त्याच डिसेंबरात त्यावर बेसबॉलही आला. तो खपला, पण त्यात एक मोठी उणीव होती. सगळे खेळाडू एकाच साच्यातले. शिवाय क्षेत्ररक्षक चेंडूमागे आपोआप धावत. खेळणाऱ्याच्या हाती चेंडू फेकणे तेवढे उरे. पोराच्या हातून धावण्याचा आनंद काढून घेतला, तर खेळात उरते काय?

ही उणीव नाम्को कंपनीने भरून काढली. मासाया नाकामुरा यांनी १९५५ साली योकोहामातील एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवर मुलांसाठी दोन झुलते घोडे मांडले, तिथून या कंपनीचा आरंभ. पुढे तिने नाणे टाकून खेळायची यंत्रे केली. जगभर गाजलेला 'पॅक-मॅन' तिचाच. तेव्हा नाण्याच्या खेळाचे मर्म तिला पुरते माहीत होते. नियमांचे पुस्तक न वाचता कोणालाही पहिल्या मिनिटाला खेळता यावे, आणि हरल्यावर 'आणखी एकदाच' असे वाटावे. योशिहिरो किशिमोतो या तरुण प्रोग्रॅमरने हेच मर्म बेसबॉलमध्ये आणले, आणि १० डिसेंबर १९८६ रोजी 'फॅमिली स्टेडियम' बाजारात आला.

त्यातले खेळाडू गोलमटोल, जणू मोदकांना टोप्या घातल्या आहेत. परंतु प्रत्येकाची प्रकृती वेगळी. कोणी तडाखेबंद फटके मारणारा, कोणी वाऱ्यासारखा धावणारा. गोलंदाजाचा हात चेंडू टाकून टाकून थकतो. हातातून सुटलेला चेंडूसुद्धा बटण दाबून हवेत डावी-उजवीकडे वळवता येतो. फटका बसला की दृश्य पालटते, मैदान वरून दिसू लागते, आणि उंच गेलेल्या चेंडूची सावली हेरून खेळाडूला आपणच तिथे पोहोचवायचे असते. दहा धावांचा फरक पडला की सामना तिथेच आटोपतो. हरणाऱ्याची फार शोभा होऊ नये, ही दया त्यात आहे.

संघांच्या नावांत मात्र मिस्किलपणा होता. जपानात मोठमोठ्या कंपन्यांचे संघ असतात. रेल्वे कंपन्यांच्या संघांपैकी तिघांचा मिळून एकच 'रेल्वेज' संघ केला. खाद्यपदार्थ बनवणाऱ्या दोघांचा 'फूड्स फूड्स'! खेळाडूंची नावेही थोडी मोडतोड करून घातलेली. ओळखणाऱ्याने ओळखावे आणि गालात हसावे. लळितातल्या सोंगांसारखाच हा प्रकार म्हणायचा.

आता अमेरिकेकडे वळू. तिथे १९८३ साली घरगुती खेळांचा बाजार कोसळला होता. वाटेल त्याने वाटेल तसे खेळ काढून दुकाने भरली, गिऱ्हाईक विटले, आणि अटारी कंपनीला न खपलेल्या डब्या न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्दो गावाबाहेर जमिनीत पुराव्या लागल्या. (२०१४ साली त्या उकरूनही काढल्या.) हे पाहिलेल्या निन्टेन्डोने १९८५ साली अमेरिकेत पाऊल टाकताना आपल्या यंत्राला कुलूप बसवले. यंत्रात एक चिप आणि डबीत तिची जोडीदारीण. दोघींचा परवलीचा संवाद जुळला तर खेळ चालणार. नाही तर पडदा नुसता उघडझाप करीत राहणार. ज्याला खेळ काढायचा असेल त्याने निन्टेन्डोशी करार करावा, डब्या तिच्याकडूनच करून घ्याव्यात, वर्षाला पाचच नवे खेळ काढावेत, आणि दोन वर्षे तो खेळ दुसऱ्या घरगुती यंत्राला देऊ नये. शिस्त म्हणावी की सावकारी? दोन्ही थोडथोडी होती.

अटारी गेम्स या कंपनीला हा जाच खुपला. नाम्कोशी तिचे जुने नाते होते. काही काळ तिची मालकीही नाम्कोकडेच होती. घरगुती खेळांसाठी तिने 'टेंगेन' नावाची शाखा काढली. 'अटारी' आणि 'टेंगेन' हे दोन्ही शब्द गो नावाच्या जपानी पटखेळातले. अटारी म्हणजे सोंगटी पकडली जाण्याच्या बेतात असणे, आणि टेंगेन म्हणजे पटाचा मध्यबिंदू. शाखेने नाव घेतले मध्याचे. आपली सोंगटीच घेरली जाणार आहे, हे तिला कळले नाही.

टेंगेनने 'फॅमिली स्टेडियम' अमेरिकन वेषात आणला, तोच 'आर.बी.आय. बेसबॉल'. या तीन अक्षरांचा अर्थ मला फार आवडतो. आपल्या फटक्यामुळे जितक्या धावा पुऱ्या होतात, त्यांची ही मोजणी. फटका आपला, आणि घरी पोहोचतो बहुधा दुसराच! टेंगेनने खेळाडूंच्या संघटनेची परवानगी घेतली होती, त्यामुळे खरी नावे वापरता आली. पण संघांच्या मालकांची परवानगी नव्हती, म्हणून संघांना नुसती गावांची नावे. बॉस्टन, ह्यूस्टन, डेट्रॉइट असे १९८६ आणि १९८७ च्या गटविजेत्यांचे आठ संघ, आणि निवडक खेळाडूंचे दोन. सेंट लुईसचा व्हिन्स कोलमन प्रत्यक्षात सलग तीन वर्षे शंभरांहून अधिक बेस चोरणारा. इथेही तो पहिल्या बेसवर पोहोचला की समोरच्याच्या छातीत धडधड सुरू होई.

सुरुवातीला हा खेळ कराराने, रीतसर निघाला. पण आतून कुलूप फोडण्याची खटपट चालूच होती. अटारीच्या माणसांनी चिपांचे संवाद चोरून ऐकले. चिपांचे थर रसायनांनी सोलून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. जमले नाही. तेव्हा १९८८ साली त्यांच्या वकिलाने अमेरिकेच्या कॉपीराइट कचेरीत अर्ज केला. आमच्यावर या प्रोग्रॅमसंबंधी दावा चालू आहे, बचावासाठी नक्कल हवी, असे त्यात लिहिले होते. असा कोणताही दावा त्या वेळी नव्हता! नक्कल मिळाली, किल्ली घडली. तिचे नाव ठेवले 'रॅबिट', म्हणजे ससा. डिसेंबर १९८८ मध्ये टेंगेनने निन्टेन्डोवर मक्तेदारीचा दावा लावला, आणि काळ्या डब्यांत आपले खेळ स्वतःच विकायला काढले. पहिल्या तिघांत आपला बेसबॉल होता.

निन्टेन्डोने उलट दावा केला. १९९२ च्या सप्टेंबरात अपील कोर्टाने दिलेला निर्णय प्रत्येक शाळेत वाचून दाखवावा असा आहे. कोर्ट म्हणाले, विकत घेतलेली वस्तू उघडून, तिचे काम कसे चालते हे समजून घेणे हा गुन्हा नव्हे. विद्येची वाढ अशीच होते. परंतु ज्याने खोटे लिहून कागद मिळवला, त्याला या सवलतीचा आधार घेता येणार नाही. शिवाय कुलूप उघडायला लागते त्याहून अधिक मजकूर सशाने उचलला होता. १९९४ साली उभयतांत तडजोड झाली.

मला या प्रकरणात हळहळ वाटते ती एवढ्यासाठी की, अटारीची तक्रार अगदीच खोटी नव्हती. एका कंपनीने साऱ्या बाजाराच्या किल्ल्या कमरेला लावाव्यात, हे कोणाला आवडेल? पण खऱ्या तक्रारीला खोटा अर्ज जोडला, आणि तक्रारच नासली. सूक्ष्मदर्शकाशी डोळे शिणवणारी ती माणसे आणखी काही काळ तशीच बसली असती, तर त्यांना कदाचित यशही मिळाले असते आणि मानही.

आपल्याकडे ही कुलपे आलीच नाहीत. मूळ जपानी यंत्राला असे कुलूप नव्हते, आणि १९९० नंतर आपल्या बाजारात ज्या स्वस्त नकला आल्या त्या त्याच जपानी यंत्राच्या. आम्ही त्या डब्यांना 'कॅसेट' म्हणत असू, आणि एकेका कॅसेटवर शेकडो खेळ असल्याची जाहिरात असे. कोणाचे श्रम, कोणाचा हक्क, हा विचार त्या वयात कोणाच्या मनाला शिवला नाही.

आता एकच गोष्ट सांगून संपवतो. २५ ऑक्टोबर १९८६ रोजी अमेरिकेच्या अजिंक्यपदाच्या सहाव्या सामन्यात बॉस्टनच्या बिल बकनरच्या दोन पायांमधून एक साधा घरंगळता चेंडू निसटला, न्यूयॉर्क जिंकले, आणि उभ्या कारकिर्दीत २,७१५ हिट मारलेला तो खेळाडू त्या एका चुकीसाठी वर्षानुवर्षे बोल खात राहिला. २००६ साली एका रसिकाने त्या सामन्याची अखेरची खेळी याच 'आर.बी.आय. बेसबॉल'मध्ये चेंडूगणिक हुबेहूब उभी केली, आणि त्यावर मूळ समालोचन लावले. गोलमटोल बकनर, गोलमटोल चेंडू. पाहताना हसू येते आणि घशाशी काहीतरी अडकतेही. बकनर २०१९ साली गेला. खटल्याचे कागद दप्तरात बांधून पडले. खेळाचे नाव २०१४ ते २०२१ पर्यंत पुन्हा नव्या यंत्रांवर नांदले. कुलपे ज्यांनी घातली आणि ज्यांनी फोडली, त्यांची नावे पोरांना माहीत नाहीत. पण सावली हेरून चेंडूखाली धावणारा तो मोदकासारखा गडी त्यांना ठाऊक आहे. माणसाने केलेल्या कामातले काय उरते, याचा हिशेब बहुधा असाच लागतो.