हरवलेले भाग आणि खरा स्वर

मिरजेच्या एका परिचित कुटुंबाने माळ्यावरून एक जुना ग्रामोफोन खाली काढला आणि आम्हांला तो पाहावयास बोलाविले. लाकडी पेटी शाबूत होती; पण कर्णा नाहीसा झालेला, चावीचा दांडा गहाळ, साउंडबॉक्सातील अभ्रकाचा पडदा फुटलेला. घरातील तरुण मंडळींचे म्हणणे असे की, बाजारात चकचकीत पितळी कर्णे मिळतात, एक बसवून दिवाणखान्यात ठेवावा. घरातील आजींचे म्हणणे मात्र निराळे होते. त्या म्हणाल्या, “दिसायला नको मला तो, वाजायला हवा. बाबा लावायचे तसा.” या एका वाक्यामुळे आम्हांला हा इतिहास लिहावासा वाटला.

आपल्याकडे फोनोग्राफ आणि ग्रामोफोन हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. पण ही दोन यंत्रे वेगळी. एडिसनने १८७७ साली सिद्ध केलेल्या फोनोग्राफात ध्वनी नळकांड्यावर कोरला जाई. प्रथम कथिलाचा पातळ पत्रा आणि पुढे मेण, असा त्याचा प्रवास झाला. एमिल बर्लिनर याने १८८७ मध्ये सपाट तबकडीची कल्पना पुढे आणली, तो ग्रामोफोन. एका साच्यावरून हजारो तबकड्या छापता येत, म्हणून अखेर तबकडीच टिकली. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित केले, आणि १९०८ पासून तबकड्या कलकत्त्यातच तयार होऊ लागल्या. त्या तबकड्यांतील मुख्य चिकट द्रव्य म्हणजे आपल्या देशातील रानांतून गोळा होणारी लाख.

सांगली-साताऱ्याच्या मातीत या यंत्राचे कौतुक व्हावे, हे स्वाभाविकच होते. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत मराठी नाटकाचा आरंभ केला. बालगंधर्वांचा जन्म १८८८ साली याच परिसरातील नागठाण्याचा. मिरजेत शस्त्रांना धार लावणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडविण्याकडे वळली. फरीदसाहेब शिकलगार हे त्यांतील आद्य नाव. तेथील सतार व तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही लाभले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी मिरज हेच आपले गाव मानले. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना त्यांचे निधन झाले आणि मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळ त्यांना चिरविश्रांती मिळाली. त्यांचा आवाज आज आपल्यापर्यंत पोचतो तो तबकड्यांमुळेच.

येथेच एक गोष्ट आठवते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. गायकाच्या गळ्यातून निघणाऱ्या बावीस श्रुतींची नेमकी जागा मोजून काढण्याचा त्यांना ध्यास लागला. १९१० साली त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. न्यायखात्यातील सनदी अधिकारी ई. क्लेमंट्स हे त्यांचे सहकारी झाले, आणि प्रयोगांसाठी गळा लाभला तो अब्दुल करीम खाँसाहेबांचा. या मंडळींनी श्रुती वाजविणारी खास पेटीही बनवून घेतली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून मोठा वाद झाला. सर्वांना ती पटली नाही. परंतु स्वर केसभरही ढळू नये, हा त्यांचा आग्रह या भूमीचा ठेवा आहे.

आता ग्रामोफोनाकडे वळू. पेटीत पोलादी पट्टीची गुंडाळलेली कमान असते. चावी दिली की ती आवळते आणि सुटताना तबकडी फिरविते. तिचा आवेग आवरण्यासाठी गव्हर्नर नावाचा एक छोटा भाग असतो. त्याच्या दांड्याभोवती तीन पातळ पाती व तीन वजने असतात. गती वाढली की वजने बाहेर फाकतात, एक चकती सरकून चामड्याच्या वा नमद्याच्या तुकड्यावर घासते आणि वेग आपोआप खाली येतो. मिरजेच्या त्या यंत्रात तीनपैकी एक पाते तुटून पडले होते. ते बाहेरून दिसत नव्हते, म्हणून कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. पण खरा घात तेथेच होता.

तबकडी मिनिटास ७८ ऐवजी सुमारे ८३ फेरे घेऊ लागली, तर सारे गाणे अर्ध्या स्वराने चढते. तरीही वेग एकसारखा असेल तर स्वरांचे परस्परांतील अंतर कायम राहते. गव्हर्नर डगमगला की मात्र स्वर लाटेसारखा वरखाली होतो. मग मींड कोणती आणि यंत्राची चूक कोणती, हेच कळत नाही. त्यात आरंभीच्या काळातील तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नसत. सत्तरपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत त्यांचा वेग बदलता असे. श्रुतीसाठी ज्यांनी गळा झिजविला, त्यांचाच स्वर आपण चुकीचा ऐकावा आणि नातवंडांना तोच खरा म्हणून सांगावा, हा केवढा अन्याय!

म्हणून दुरुस्तीचा क्रम ठरला. प्रथम कमान पूर्ण सैल केली. कारण भरल्या चावीवर गव्हर्नर काढला तर चाके बेफाम सुटतात आणि हाताला इजा होते. वाळून घट्ट झालेले जुने वंगण धुऊन काढले. एकच पाते बदलले तर तोल बिघडतो, म्हणून तिन्ही पाती एकाच जाडीची नवी घातली. कडक झालेली रबरी कडी बदलून नवा अभ्रक बसविला. चावीचा दांडा लेथवर घडविला. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली तेव्हापासून या भागात लोखंडाला आकार देणाऱ्या हातांची वाण नाही. तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अडकवून एका मिनिटाचे फेरे मोजले. ७८ भरेपर्यंत स्क्रू फिरवीत राहिलो.

कर्ण्याचा प्रश्न शेवटी आला. आज नवे भाग जोडून, प्रसिद्ध शिक्का लावून, जुनी म्हणून विकली जाणारी यंत्रे पुष्कळ आहेत. आम्ही सुचविले की, साध्या पत्र्याचा कर्णा करावा, काळा रंग द्यावा आणि आतल्या बाजूस तो केल्याचे साल लिहावे. तरुणांना प्रथम ते रुचले नाही. आजींनी मात्र मान डोलविली. हरवलेले भरून काढण्यात पाप नाही. भरलेले मूळचेच आहे असे भासविण्यात मात्र असत्य आहे.

पहिली तबकडी लागली तेव्हा खरखर होतीच. आजींनी डोळे मिटून ऐकले व म्हणाल्या, “हाच.” तबकडी झिजू नये म्हणून दर बाजूस नवी पोलादी सुई घालावयाची, हे नातवाने त्याच दिवशी शिकून घेतले.

वाचकहो, आपल्याही माळ्यांवर अशा पेट्या असतील. त्या रद्दीवाल्यास देण्यापूर्वी, किंवा त्यांना पितळी झळाळी देण्यापूर्वी, आतला लहानसा भाग तपासून पाहावा. पूर्वजांचा आवाज जसा होता तसा पुढच्या पिढीच्या कानी पडावा, एवढे देणे आपण त्यांचे लागतो.