यूएसबी पोर्ट बंद पडला? मेकॅनिक बोलावण्याआधी हे तपासा

खापर (ता. अक्कलकुवा) : सेवा केंद्र असो की झेरॉक्सचं दुकान, डेस्कटॉपचं निम्मं काम यूएसबी पोर्टवर चालतं. अंगठ्याचं मशीन, प्रिंटर, माऊस, पेनड्राइव्ह सगळं तिथेच जोडलेलं असतं. पोर्ट चालेनासा झाला की आधारवरून पैसे काढणं, हयातीचा दाखला अशी कामं अडतात आणि पाड्यावरून आलेल्या माणसाचं भाडं वाया जातं. पण दर वेळी पोर्ट जळालेलाच असतो असं नाही. खालच्या क्रमाने तपासल्यास बिघाड नेमका कुठे आहे ते कळतं.

1. पोर्ट की मशीन?
बंद वाटणाऱ्या पोर्टला चालू माऊस लावून बघा. माऊस चालला तर पोर्ट ठीक आहे. दोष मशीनमध्ये, त्याच्या वायरमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये आहे.

2. पुढचे बंद, मागचे चालू?
मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात. पुढचे पोर्ट कॅबिनेटच्या आतल्या वायरने जोडलेले असतात आणि ती वायर सैल होते. तोवर काम मागच्या पोर्टवर चालवा.

3. सगळेच बंद?
कॉम्प्युटर शटडाऊन करा, प्लग काढा आणि पॉवर बटण 15-20 सेकंद दाबून धरा. मग प्लग लावून सुरू करा. अडकलेले पोर्ट पुष्कळदा एवढ्यानेच चालू होतात. जुन्या डेस्कटॉपला मागे गोल पीएस-2 पोर्ट असतो. तसला कीबोर्ड असेल तर पुढचं तपासता येतं.

4. विंडोजमध्ये काय दिसतं?
‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ‘युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स’मध्ये पिवळी खूण दिसली तर ड्रायव्हरची अडचण आहे, ‘स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस’ करून रीस्टार्ट करा. पोर्ट मधूनच बंद होत असेल तर ‘यूएसबी रूट हब’च्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली वीज वाचवण्याची टिक काढा.

5. लाइट लागतो, पण अंगठा घेत नाही?
इथे बहुतेकदा पोर्टचा दोष नसतो. आरडी सर्व्हिस बंद पडलेली असते किंवा तिची मुदत संपलेली असते. मशीनच्या कंपनीची सर्व्हिस पुन्हा टाका किंवा मुदत वाढवून घ्या.

लोड किती?
यूएसबी 2.0 पोर्ट 5 व्होल्टवर 500 मिलीअँपिअर देतो, तर 3.0 पोर्ट 900. एका साध्या हबवर अंगठ्याचं मशीन, स्कॅनर आणि वर मोबाईलचं चार्जिंग लावलं की वीज कमी पडते आणि मशीन बंद-चालू होत राहतं. अंगठ्याचं मशीन थेट मागच्या पोर्टला लावा. हब लागतोच तर स्वतंत्र अडॅप्टरवाला घ्या.

इथे थांबा
पोर्टमधली पट्टी वाकली असेल, जळका वास येत असेल किंवा ‘पॉवर सर्ज’चा मेसेज येत असेल तर लगेच वायर काढा. पोर्टमध्ये पिन किंवा स्क्रू ड्रायव्हर घालू नका. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग खराब आहे. कॉम्प्युटर बंद करून आधी वायरमन बोलवा. अर्थिंग सुधारल्याशिवाय नवीन पोर्टही टिकणार नाही. पोर्ट जळालेच असतील तर मदरबोर्ड बदलण्याआधी यूएसबी कार्ड बसतं का ते विचारा. ते बरंच स्वस्त पडतं.

पावसाळ्यात विजा कडाडायला लागण्याआधीच प्लग काढून ठेवा. मागचा एक पोर्ट तपासून मोकळा ठेवला तर ऐन गर्दीत काम अडत नाही.