हाताखालचे शिक्षण

माझे वडील टपाल तिकिटे जमवीत. शेजारी बहुतेक ‘प्रेस’मधले, म्हणजे नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधले. नव्याने लागलेल्या पोराला ‘काय शिकलास?’ असे कुणी विचारत नसे. ‘कुणाच्या हाताखाली आहेस?’ असे विचारीत.

हा छापखाना १९२५ सालचा. तोवर आपली तिकिटे लंडनच्या डी ला रू कंपनीकडून येत. यंत्रे बोटीने आणता आली. ती चालवणारे हात इथेच तयार व्हावे लागले. स्वातंत्र्याची पहिली तीन तिकिटे, १९४७ची, नाशिकलाच ऑफसेटवर छापली गेली. मात्र १५ ऑगस्ट १९४८ची गांधीजींची तिकिटे स्वित्झर्लंडच्या कूर्व्हॉझिए कंपनीने छापली, कारण ती फोटोग्रॅव्ह्युअर पद्धत नाशिकला नव्हती. बापूंचा चेहरा परदेशी छापून घ्यावा लागला!

या पद्धतीत चित्र तांब्याच्या रुळावर उतरवतात. जिलेटिनचा थर दिलेला कागद रुळावर चिकटवून त्यातून फेरिक क्लोराइड झिरपू द्यायचे. तांब्यात बारीक खळगे पडतात. खोल खळगा, गडद शाई. वरची शाई पोलादी पाते पुसून नेते. कृती एवढीच. पण द्रावण थांबवायचे कधी? जिलेटिन हवेतला ओलावा शोषते. स्वित्झर्लंडमधले कोष्टक नाशिकच्या आषाढात जसेच्या तसे कसे चालावे? क्षणभर उशीर झाला की चेहरा काळवंडतो. हे पाहून, चुकून, जाणत्याच्या शेजारी उभे राहूनच कळते. मुदत, हुद्दा, परीक्षा सांगणारा शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१चा. आपण प्रशिक्षणाचा इतिहास तिथूनच मोजू लागतो, हे मला पटत नाही.

कारण उत्तरपत्रिका त्याआधीच लिहून झाली होती. १ ऑक्टोबर १९५२ला कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब, रवींद्रनाथ अशी सहा तिकिटे निघाली. नाशिकला फोटोग्रॅव्ह्युअरने छापलेली पहिली. (गोदाकाठी छापलेल्या त्या सहांत एकही मराठी संत नाही, हे जाता जाता.)

वडिलांच्या भिंगाखाली मी दोन तिकिटे शेजारी ठेवतो: स्विस गांधीजी आणि नाशिकचे रवींद्रनाथ, दोन्ही बारा आण्यांची. अक्षरांच्या कडांवर तीच बारीक जाळी. स्विस छटा जास्त मऊ आहे, हे कबूल. पण रवींद्रनाथांचा चेहरा कुठेही काळवंडलेला नाही.